काळ्या-पांढऱ्या तीन काचा आणि मादाम यवॉन्डचा लाल रंग

हल्ली व्हॉट्सॲपवर जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंमधे एआयने रंग भरून ते फिरवले जातात आणि खाली हमखास लिहिलेलं असतं, "बघा, खरे रंग!" ते खरे नसतात. फोटो काढतानाच रंगाची नोंद झाली नसेल तर ती नंतर येणार कुठून? शालू हिरवा होता की जांभळा हे सॉफ्टवेअरला कळायला काही मार्गच नाही, ते फक्त अंदाज बांधतं, आणि त्या अंदाजाला लोक पुरावा म्हणून डोक्यावर घेतात याचा मला मनापासून राग येतो. कारण त्या काळात रंगांची खरीखुरी नोंद करणारी माणसं होती आणि त्यांचं नाव कोणी घेत नाही.

त्यातलं माझं सगळ्यात आवडतं नाव म्हणजे लंडनची मादाम यवॉन्ड. जन्म १८९३. ही बाई महिलांच्या मताधिकाराच्या चळवळीतली, त्याच चळवळीच्या पेपरातली जाहिरात बघून फोटोग्राफी शिकायला गेली आणि १९१४ मधे, एकविसाव्या वर्षी, स्वतःचा स्टुडिओ टाकला. पुढे १९३० च्या सुमारास व्हिवेक्स नावाची नवी रंगीत पद्धत आली आणि बाकीचे पोर्ट्रेटवाले रंगीत फोटोला भडक म्हणून नाकं मुरडत असताना हिने ती उचलली. १९३२ मधे लंडनच्या अल्बनी गॅलरीत रंगीत पोर्ट्रेटचं प्रदर्शनही लावलं.

रंगीत फोटो त्याआधीही होते. ल्युमिएर बंधूंचं ऑटोक्रोम १९०७ पासून बाजारात होतं, पण त्यात मिळायची एकच काच, ती उजेडासमोर धरून बघायची. पोर्ट्रेटच्या धंद्यात गिऱ्हाइकाला कागदावर प्रिंट लागते, तीही दोन-चार. व्हिवेक्सने ते दिलं, आणि कसं दिलं तेच मला सांगायचंय.

एकाच दृश्याच्या तीन ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह काचांवर घ्यायच्या, एक लाल फिल्टरमधून, एक हिरव्या, एक निळ्या. समजा समोर बाईने लाल झगा घातलाय. लाल फिल्टरमधून झग्याचा भरपूर प्रकाश आला म्हणून त्या निगेटिव्हवर तिथे दाट चांदी जमली (ब्लॅक अँड व्हाइट फोटोतला काळेपणा म्हणजे ही बारीक कणांची चांदीच), म्हणजे तिच्या पॉझिटिव्ह प्रिंटवर ती जागा जवळजवळ पांढरी. हिरव्या आणि निळ्या फिल्टरच्या प्रिंटवर मात्र तीच जागा काळी. आता पहिली प्रिंट छापायची सायन म्हणजे हिरवट निळ्या रंगात, दुसरी मॅजेंटा म्हणजे जांभळट गुलाबी रंगात, तिसरी पिवळ्यात. झग्याच्या जागी सायन नाहीच, मॅजेंटा आणि पिवळा भरपूर, दोन्ही मिळून लाल! म्हणजे काळ्या-पांढऱ्या तीन काचांमधे लाल रंग मोजून ठेवलेला असतो.

पण काळ्या चांदीच्या जागी रंग आणायचा कसा? इथे कार्ब्रो नावाची रसायनाची करामत आहे. रंगाची पूड मिसळलेल्या जिलेटिनचा कागद घ्यायचा, तो डायक्रोमेट आणि फेरीसायनाइडच्या द्रावणात भिजवायचा आणि ओल्या ब्रोमाइड प्रिंटवर, म्हणजे त्या ब्लॅक अँड व्हाइट पॉझिटिव्ह प्रिंटवर, दाबून ठेवायचा. प्रिंटमधली चांदी फेरीसायनाइडचं फेरोसायनाइड करते, ते फेरोसायनाइड डायक्रोमेटमधल्या क्रोमियमचं क्षपण करतं, सहा संयुजेचं क्रोमियम तीनवर येतं, आणि हे तीनवालं क्रोमियम जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. बांधलेलं जिलेटिन गरम पाण्यात विरघळत नाही. मग गरम पाण्यात धुतलं की जिथे चांदी नव्हती तिथलं जिलेटिन रंगासकट वाहून जातं आणि जिथे जितकी चांदी तितका जाड रंगाचा थर उरतो. उजेड आणि सावली चक्क जाडीत उतरते, हे मला आजही भन्नाट वाटतं.

असे तीन पातळ थर एकावर एक बसवायचे, तेही अगदी तंतोतंत. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर कधी रंग सरकून ओठांना दुहेरी कड आलेली पाहिली असेल, तोच धोका इथे, आणि तीन निगेटिव्ह एकामागोमाग घ्यायच्या असल्या तर समोरच्या माणसाने हलायचं नाही हे वेगळंच. हे कष्टाचं प्रिंटिंग लंडनच्या विल्सडन भागातल्या व्हिवेक्सच्या कारखान्यात व्हायचं.

एवढी किचकट पद्धत हाताशी असताना यवॉन्डने नुसते गुलाबी गाल दाखवले नाहीत. १९३५ मधे तिने लंडनच्या उच्चभ्रू बायकांना ग्रीक-रोमन देवी आणि दंतकथांतल्या स्त्रिया बनवून एक मालिका केली. मेड्युसाच्या डोक्याभोवती रबरी साप, मिनर्व्हाच्या हातात रिव्हॉल्वर आणि सोबत घुबड, नायोबीच्या डोळ्यांत ग्लिसरीनचे अश्रू आणि चेहरा फ्रेममधे इतका जवळ की दुसरं काही दिसतच नाही. रंग ही तिच्यासाठी नंतर चढवायची सजावट नव्हती, फोटोचा विचारच ती रंगात करायची.

१९३९ मधे महायुद्ध सुरू झालं आणि व्हिवेक्सचा कारखाना बंद पडला. यवॉन्ड परत ब्लॅक अँड व्हाइटकडे वळली आणि १९७५ मधे जाईपर्यंत फोटो काढत राहिली. तिच्या रंगीत कामाच्या निगेटिव्ह २०२१ मधे लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने घेतल्या. त्या तीन-तीन काचा स्कॅन करून एकत्र केल्या की रंग परत उभे राहतात, कुठलाही अंदाज न बांधता. तुमच्या फोटो एडिटरमधे रेड, ग्रीन, ब्लू चॅनल वेगळे बघायची सोय असेल तर एखादा लाल साडीतला फोटो उघडा आणि प्रत्येक चॅनलमधे साडी किती गडद दिसते ते बघा. रेडमधे ती उजळ दिसेल, बाकी दोन्हींत जवळजवळ काळी.