झाड हलवायचं तर जुलैत

अंगणातला अनंत किंवा कढीपत्ता चुकीच्या जागी वाढला, तर तो कधी हलवायचा? बागकामाची इंग्रजी पुस्तकं हिवाळा सांगतात. युरोपात ते बरोबरच आहे, कारण तिथे पानगळ झालेली असते आणि पुढे सौम्य वसंत येतो. आपल्याकडे डिसेंबरात हलवलेलं झाड जेमतेम सावरतं, तोच मार्चचं ऊन गाठतं. म्हणून देशावर जुलै उत्तम.

पाणी शोषतात ती टोकाकडची केसासारखी बारीक मुळं, आणि खणताना नेमकी तीच तुटतात. पानं मात्र बाष्प सोडतच राहतात. ढगाळ, दमट हवेत हा खर्च घटतो, तेवढ्यात नवी मुळं फुटतात.

खरं काम जूनमध्येच सुरू होतं. मृगाचा चांगला पाऊस झाला की खोडाच्या जाडीच्या दहा-बारा पट व्यासाचं वर्तुळ आखा. खोड ३ सेंमी जाड असेल तर वर्तुळ ३०-३५ सेंमीचं. अर्ध्या वर्तुळावर ३० सेंमी खोल चर खणा, मुळं धारदार कात्रीने सफाईने कापा आणि चरात पालापाचोळ्याचं खत मिसळलेली माती भरा. उरलेलं अर्धं पंधरा दिवसांनी. तीन आठवड्यांनी माती बोटाने उकरून पाहा: कापलेल्या टोकांपाशी पांढरी, सुतासारखी मुळं दिसली की झाड तयार आहे. दिसली नाहीत तर आठवडाभर थांबा, घाई इथेच नडते.

हलवायला संध्याकाळ निवडा. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, गोणपाटात घट्ट बांधा आणि खालून उचला. ओल्या मातीसकट ती चाळीस-पन्नास किलो भरते, तेव्हा माणसं दोन हवीत. खोड धरून ओढलं की हुंडी फुटते आणि महिन्याची मेहनत वाया जाते. नव्या खड्ड्यात झाड पूर्वीइतकंच खोल बसवा. खोडाचा बुंधा मातीत गाडला गेला तर साल कुजते. एक तृतीयांश पानोळा छाटा, पण शेंडा शक्यतो राखा. काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, तिथे आळं न करता उंचवटा करा. कोकणात मुसळधार पावसाने खड्डेच भरतात, म्हणून तिथे पाऊस ओसरू लागल्यावर, सप्टेंबरात हलवलेलं बरं.

चाफा मात्र पावसात हलवू नका, ओल्या जखमा सडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो निष्पर्ण असताना काढा, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवा, मग लावा. पपई हलवूच नये, नवं बी टाकावं.