सरकारी दवाखान्याची प्रतिमा: प्लेगपासून नांदेडपर्यंत

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईतल्या आर्थर रोडच्या प्लेग इस्पितळावर हजारभर गिरणी कामगार चालून गेले. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याच्या शरीरातून मोमियाई नावाचा औषधी अर्क काढतात, अशी कुजबुज तेव्हा शहरभर होती. पुढच्या वर्षी साथ पुण्यात पोहोचली. घरझडतीला आलेल्या सोल्जरांच्या वागणुकीवर ‘केसरी’ने कडक टीका केली, रँडचा खून झाला, टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. हे सगळं शाळेतल्या पुस्तकात आहे. टिळकांनी त्याच काळात हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं करायला पुढाकार घेतला, उपचार टाळू नका असंही सांगितलं, हे मात्र फारसं कोणाला आठवत नाही. टीका लक्षात राहिली आणि इस्पितळ विसरलं गेलं. पुढच्या सव्वाशे वर्षांतही बहुतेक वेळा असंच होत आलं.

मराठी वाचकाच्या मनातली सरकारी दवाखान्याची आजची प्रतिमा मात्र प्लेगाइतकी जुनी नाही. तिचा मोठा भाग १९८६ मध्ये घडला. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यांतला दाब उतरवायला त्यांना ग्लिसरीन पाजलं होतं आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. अमेरिकेत १९३७ मध्ये याच विषाने शंभराहून जास्त बळी घेतले होते आणि तिथला औषधांचा कायदा त्यातूनच बदलला, म्हणजे धोका ठाऊक नव्हता असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

जे.जे.चं प्रकरण इतकं खोल रुजलं ते केवळ मृत्यूंच्या आकड्यामुळे नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगापुढची साक्ष वर्तमानपत्रांनी लावून धरली. औषध खरेदी, पुरवठादाराची निवड, अन्न व औषध प्रशासनाचं कामकाज, मंत्र्यांची ढवळाढवळ असा एकेक धागा वाचकांसमोर उलगडत गेला. एरवी बातमी डॉक्टरच्या हलगर्जीपणापाशी येऊन थांबते; इथे ती वॉर्डातून भांडारात आणि तिथून मंत्रालयापर्यंत गेली. १९८८ मध्ये अहवाल बाहेर आल्यावर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं. आरोग्यसेवेच्या दर्जाविषयी मराठी वाचकांना मिळालेलं ते बहुधा सर्वांत सखोल शिक्षण होतं. पण ते लोकांच्या मनात उतरलं ते ‘सरकारी औषध नको रे बाबा’ एवढंच होऊन.

त्याच १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. डॉक्टर त्याच्या कक्षेत येतात का, हा वाद नऊ वर्षं चालला आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने येतात असा निकाल दिला. या निकालातला एक तपशील महत्त्वाचा आहे. पैसे मोजणाऱ्या रुग्णाला ग्राहक मंचाचं दार उघडलं. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, तिथला रुग्ण बाहेरच राहिला. त्याने तक्रार न्यायची कुठे? एक तर स्थानिक पुढाऱ्याकडे, नाही तर वार्ताहराकडे. सरकारी दवाखान्यांच्या बातम्या जास्त दिसण्यामागे माध्यमांचा आकस नाही, तर ही अडचण आहे, असं मला वाटतं.

खाजगी रुग्णालयांचा रस्ता वेगळा होता. ऑगस्ट २००१ मध्ये शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांच्या निधनानंतर जमावाने ठाण्याचं सुनीतीदेवी सिंघानिया रुग्णालय उद्ध्वस्त केलं. अशा हल्ल्यांविरुद्ध राज्याने कायदा केला तो २०१० मध्ये. तोवर वृत्तवाहिन्या आल्या होत्या. फुटलेल्या काचा आणि रडणारे नातेवाईक पडद्यावर दिसतात. औषधाच्या निविदेचं चित्रीकरण कसं करणार?

दर्जा मोजण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. रुग्णालयांना मानांकन देणारं ‘एनएबीएच’ २००६ च्या सुमारास सुरू झालं, सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ २०१५ मध्ये आलं. या पाहण्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकते. दरम्यान लोकांनी आपला निर्णय घेऊन टाकला: २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातले सुमारे ५५ टक्के रुग्ण खाजगी रुग्णालयांत दाखल झाल्याचं दिसलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले. दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४, त्यांत १२ नवजात बालकं. ‘२४ तासांत २४’ हा मथळा देशभर गेला. एरवी तिथे रोज किती रुग्ण दगावतात, किती जण शेवटच्या घटकेला दुसरीकडून पाठवले जातात, मंजूर खाटा किती आणि दाखल रुग्ण किती, हे विचारल्याशिवाय या आकड्यातून दर्जा कळत नाही. काही वार्ताहरांनी ते विचारलं. औषधांच्या तुटवड्याचा धागाही त्यांनी खरेदीच्या व्यवस्थेपर्यंत नेला. २०१७ पासून ही खरेदी हाफकिन या सरकारी औषध कंपनीकडे होती आणि ती रखडते म्हणून राज्याने नांदेडच्या आधीच वेगळं प्राधिकरण करायचं ठरवलं होतं.

पण घराघरांत पोहोचली ती दुसरीच चित्रफीत: हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावताहेत. खासदारांवर गुन्हा दाखल झाला, मृताच्या नातेवाइकाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही झाला. औषधांचा आणि रिक्त पदांचा प्रश्न उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतला.