शेल खडकाची पार्यता आणि पेट्रोलचा भाव

जून २०१४ मध्ये ब्रेंट जातीचे खनिज तेल पिंपामागे ११५ डॉलरच्या घरात होते. जानेवारी २०१५ मध्ये तोच भाव ५० डॉलरच्या खाली आला आणि त्यानंतर वर्षभराने, जानेवारी २०१६ मध्ये, तो तिशीच्याही खाली उतरला. या काळात जगाने तेल वापरणे थांबवले नव्हते. मागणी संथपणे का होईना, वाढतच होती. तरीही दीड वर्षात तेलाने आपली तीन चतुर्थांश किंमत गमावली. अशी घसरण झाली की आपल्याकडे तिचे कारण माणसांत शोधले जाते. फेब्रुवारी २०१५ मधील दिल्लीच्या निवडणूक प्रचारात स्वस्त पेट्रोलचा संबंध थेट नशिबाशी जोडला गेला, तर दुसरीकडे रशिया आणि इराण यांना नमवण्यासाठी सौदी अरेबिया व अमेरिका यांनी रचलेला हा कट आहे, असेही ठामपणे लिहिले गेले. नशिबाने तेलाचा भाव उतरत नाही. कटाच्या कहाणीचीही गरज नाही, कारण या घसरणीचे सर्वांत मोठे कारण भौतिकशास्त्राच्या भाषेत स्वच्छ सांगता येते. ते कारण म्हणजे खडकातून तेल किती सहज वाहते, म्हणजेच खडकाची पार्यता.

सुरुवात एका गैरसमजापासून केली पाहिजे. जमिनीखाली तेलाची तळी असतात आणि विहीर खणून ती उपसली जातात, असे चित्र अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात तेल असते ते खडकाच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्यांत. ते डायनोसॉरपासूनही तयार झालेले नाही. प्राचीन समुद्रांतील सूक्ष्मजीव व शैवाल मरून तळाच्या चिखलात गाडले गेले, त्या चिखलाचा थरावर थर साचून शेल नावाचा बारीक कणांचा खडक झाला आणि काही किलोमीटर खोलीवर साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात त्यातील सेंद्रिय द्रव्याचे कोट्यवधी वर्षांत तेल झाले. पेट्रोलमधील ऊर्जा ही अशी दीर्घकाळ साठत गेलेली सूर्याची ऊर्जा आहे, हे एकदा ध्यानात घेतले की झाडपाला पाण्यात उकळून पेट्रोल करण्याच्या दाव्यांना भुलण्याचे कारण उरत नाही. १९९६ मध्ये तामिळनाडूतील असा एक दावा देशभर गाजला होता. तपासात ती फसवणूक निघाली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने दावा करणाऱ्याला शिक्षा सुनावली. पाण्यावर चालणाऱ्या गाडीच्या चित्रफिती मात्र आजही भक्तिभावाने पुढे पाठवल्या जातात.

शेलमध्ये तयार झालेल्या तेलापैकी काही भाग कोट्यवधी वर्षांत हळूहळू वर सरकतो आणि वालुकाश्म किंवा चुनखडकासारख्या मोकळ्या खडकात अडकून राहतो. विसाव्या शतकातील तेलउद्योग बहुतांशी या निसटलेल्या तेलावर उभा राहिला. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने शोधलेले मुंबई हाय हे त्याचे आपल्या ओळखीचे उदाहरण. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रतळाखालच्या चुनखडकातून १९७६ पासून तेल काढले जात आहे. जन्मखडकात मागे राहिलेले तेल भूवैज्ञानिकांना माहीत होते, पण ते बाहेर येत नव्हते.

का येत नव्हते, याचे उत्तर एका फ्रेंच अभियंत्याच्या नियमात आहे. आँरी दार्सी यांनी १८५६ मध्ये दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावर लिहिताना वाळूतून पाणी कसे झिरपते याचे प्रयोग मांडले. त्यांच्या नियमाचे आजचे रूप असे : द्रवाचा प्रवाह दाबाच्या उताराच्या आणि खडकाच्या पार्यतेच्या सम प्रमाणात, तर द्रवाच्या श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. पार्यता मोजण्याच्या एककालाच दार्सी म्हणतात. चांगल्या तेलवाहू वालुकाश्माची पार्यता दार्सीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. शेलची पार्यता दार्सीच्या काही अब्जांश इतकी कमी असू शकते. म्हणजे दोहोंत दहा लाख पटींपेक्षाही अधिक फरक पडू शकतो. शेलमध्ये नेहमीची उभी विहीर खणली, तर तिच्यापासून दहा मीटर अंतरावरचे तेलही माणसाच्या हयातीत तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

खडकाची पार्यता बदलता येत नसेल, तर तेलाला कापावे लागणारे अंतर कमी करता येते. याच कल्पनेने तेलाचा बाजार उलटा-पालटा केला. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने टेक्ससमधील बार्नेट शेलमध्ये वर्षानुवर्षे चिकाटीने प्रयोग केले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस वायूसाठी खडकात भेगा पाडण्याची रीत किफायतशीर करून दाखवली. पुढे आडव्या विहिरींच्या जोडीने ती नॉर्थ डकोटातील बाकेन आणि टेक्ससमधील ईगल फोर्ड व पर्मियन या क्षेत्रांत तेलासाठी वापरली गेली. विहीर दोन-तीन किलोमीटर सरळ खाली जाते, मग हळूहळू वळून शेलच्या थरातच तितकेच अंतर आडवी धावते. तिच्यात पोलादी नळी बसवून बाहेरून सिमेंट भरतात. आडव्या भागाच्या टोकापासून सुरुवात करून काही दशक मीटरचा एकेक टप्पा बुचाने वेगळा करतात, लहान स्फोटांनी नळीला छिद्रे पाडतात आणि वातावरणाच्या शेकडो पट दाबाने पाणी व वाळू आत सोडतात. त्यात रसायने असतात ती अगदी थोडी. खडक तडकतो, दाब काढून घेतल्यावर भेग पुन्हा मिटू पाहते, पण आत शिरलेले वाळूचे कण तिला मिटू देत नाहीत. भेगांची दिशाही निसर्गच ठरवतो. इतक्या खोलीवर सर्वाधिक ताण सहसा वरच्या खडकांच्या वजनाचा, म्हणजे उभ्या दिशेचा असतो, आणि भेग नेहमी सर्वांत कमी ताणाच्या विरुद्ध उघडते. त्यामुळे भेगेचा पृष्ठभाग उभा राहतो. विहीर सर्वांत कमी ताणाच्या दिशेने आडवी नेली, की या भेगा तिला काटकोनात छेदतात आणि शेलचा थर पावाच्या लादीसारखा कापला जातो. आता तेलाला काही मीटरच झिरपायचे असते.

यापुढचे गणित मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. भेग उघडताच तिच्यातील दाब उतरतो आणि दाब उतरल्याची वार्ता खडकात विसरणाच्या, म्हणजे हळूहळू पसरत जाण्याच्या, रीतीने आत सरकू लागते. विसरणाचा नियम असा की दुप्पट अंतरासाठी चौपट वेळ लागतो. म्हणजे t इतक्या वेळात दाबाची घट जितकी आत पोहोचते, ते अंतर t च्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एकूण दाबफरक तोच, पण तो अधिकाधिक अंतरावर पसरत असल्याने दाबाचा उतार त्याच प्रमाणात सौम्य होत जातो, आणि दार्सीच्या नियमाने प्रवाहही t च्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. पहिल्या महिन्याच्या अखेरीचा प्रवाह १ धरला, तर चौथ्या महिन्याच्या अखेरीस तो निम्मा, नवव्याच्या अखेरीस एक तृतीयांश आणि बाराव्याच्या अखेरीस सुमारे ०.२९ राहतो. वर्षभरात सत्तर टक्के घट! प्रत्यक्षातील शेल विहिरी पहिल्या वर्षी साधारण साठ ते सत्तर टक्के आटतात, म्हणजे हे साधे गणित वस्तुस्थितीच्या किती जवळ जाते ते पाहावे. शेजारच्या दोन भेगांचे रिते होणारे पट्टे एकमेकांना भिडले, की घट याहून वेगाने होते.

या वर्गमुळाने बाजाराचा स्वभाव बदलला. खोल समुद्रातील क्षेत्रातून तेल निघायला निर्णयापासून अनेकदा सात-दहा वर्षे जातात आणि मग ते दशकानुदशके वाहते. शेलची विहीर काही महिन्यांत तेल देते आणि गुंतवणुकीचा मोठा हिस्सा पहिल्या दोन-तीन वर्षांत परत करते. म्हणून भाव शंभर डॉलरवर असताना अमेरिकेतील छोट्या-मोठ्या कंपन्या कर्ज काढून खणत सुटल्या. त्या देशाचे खनिज तेलाचे उत्पादन २००८ मध्ये दिवसाला सुमारे ५० लाख पिंपे होते. एप्रिल २०१५ मध्ये ते ९६ लाखांच्या आसपास पोहोचले. त्या वेळी जगाची रोजची गरज सुमारे साडेनऊ कोटी पिंपांची होती आणि अतिरिक्त तेल भरले तेवढ्या गरजेच्या जेमतेम दोन टक्के. इतक्या थोड्या अतिरिक्त तेलाने भाव एवढा कोसळतो, कारण पेट्रोल स्वस्त झाले म्हणून कोणी लगेच दुप्पट गाडी चालवत नाही. न खपलेले तेल टाक्यांत साठते, टाक्या भरत आल्या की विक्रेते पडेल भावाने विकू लागतात.

पूर्वी अशा वेळी ओपेक ही तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना उत्पादन घटवून भाव सावरत असे. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी व्हिएन्नातील बैठकीत तिने तसे केले नाही. सौदी अरेबियाला १९८० च्या दशकाची आठवण होती : तेव्हा त्याने आपले उत्पादन दिवसाला सुमारे एक कोटी पिंपांवरून १९८५ पर्यंत २५ लाखांच्या आसपास आणले, त्याचा लाभ इतर उत्पादकांनी उठवला आणि १९८६ मध्ये भाव कोसळायचा तो कोसळलाच. आता आपण कपात केली तर टिकलेल्या भावावर शेलवालेच आणखी विहिरी खणतील, हा त्याचा हिशेब माझ्या मते तर्काला धरून होता. कट म्हणावे असे त्यात काही नाही.

भाव उतरताच अमेरिकेत तेलासाठी खणणाऱ्या यंत्रांची संख्या ऑक्टोबर २०१४ मधील १,६०९ वरून मे २०१६ पर्यंत ३१६ वर आली. खणणे थांबले की वर्गमुळाचा नियम आपले काम करतो, कारण जुन्या विहिरी आटतात आणि त्यांची जागा घेणाऱ्या नव्या येत नाहीत. तरी कंपन्यांनी केवळ उत्तम जागा निवडल्या आणि एकाच ठिकाणावरून अनेक विहिरी खणल्या, त्यामुळे उत्पादन दहा टक्क्यांच्या आसपासच घटले. अखेर २०१६ सरताना ओपेकने रशियादी देशांना बरोबर घेऊन दिवसाला सुमारे १८ लाख पिंपांची कपात ठरवली, तेव्हा भाव सावरू लागला.

आता आपल्या पंपाकडे वळू. २०१३-१४ मध्ये भारताने घेतलेल्या खनिज तेलाचा सरासरी भाव पिंपामागे १०५.५२ डॉलर होता, २०१५-१६ मध्ये तो ४६.१७ डॉलरवर आला. पिंपात १५९ लिटर धरून आणि त्या-त्या वर्षीचा रुपयाचा दर लावून हिशेब केला, तर कच्चे तेल लिटरमागे सुमारे ४० रुपयांवरून १९ रुपयांवर आले, म्हणजे २१ रुपयांनी उतरले. दिल्लीतील पेट्रोल मात्र जुलै २०१४ मधील ७३ रुपयांवरून जानेवारी २०१६ मध्ये सुमारे ५९ रुपयांवर, म्हणजे १४ रुपयांनीच खाली आले. शुद्धीकरण, वाहतूक आणि पंपचालकाचे कमिशन हे खर्च कच्च्या तेलाच्या भावाप्रमाणे घटत नाहीत, हे खरे. पण मोठा वाटा कराचा होता. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले आणि त्यातून पेट्रोलवर लिटरमागे एकूण ११.७७ रुपये, तर डिझेलवर १३.४७ रुपये वाढले. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे आणखी दोन रुपये आकारले गेले. दुष्काळासाठी पैसा लागतो आणि तो कुठून तरी उभारावाच लागतो, याबद्दल माझी तक्रार नाही. पण स्वस्त झालेल्या तेलाचा किती भाग तिजोरीत गेला आणि किती गाडीच्या टाकीपर्यंत पोहोचला, हे पंपावरच्या पावतीवर छापलेले असावे, असे मला मनापासून वाटते.