बाकाच्या मधला हात कोणासाठी?

सार्वजनिक बाकाच्या मधोमध लोखंडी हात बसवला की वाद ठरलेला. वयस्कर माणसांना उठताना आधार हवा म्हणून बसवला, असं एक जण सांगतो. बेघरांनी तिथे आडवं होऊ नये म्हणून बसवला, असं दुसरा म्हणतो. दोघंही बरोबर असू शकतात. सुरक्षित रचना आणि हुसकावणारी रचना यांची गल्लत होते ती इथेच, कारण प्रस्तावात दोन्हींसाठी कारण एकच लिहिलेलं असतं: नागरिकांची सुरक्षितता.

त्या हाताकडेच नीट बघू. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तळवा टेकवून अंगाचा भार टाकता येईल इतका उंच आणि बाकाच्या पुढच्या कडेजवळ येणारा हात लागतो. वीतभर उंचीची बुटकी कमान त्याच्या काहीच कामाची नाही. ती फक्त पाठ टेकू देत नाही. आधाराचाच विचार असेल तर टोकांनाही हात दिसतात, आणि एखादी बाजू मोकळी सोडलेली असते, म्हणजे व्हीलचेअरवरून सरकून बाकावर येता येतं. नुसतं मधेच काहीतरी ठोकलेलं दिसलं तर हेतू विचारायची गरज नाही.

हुसकावणाऱ्या रचनेचा नामांकित नमुना म्हणजे लंडनच्या कॅम्डेन भागात २०१२ साली आलेला काँक्रीटचा बाक. त्याची बैठक वेगवेगळ्या कोनांत उतरती आहे, त्यामुळे झोपता येत नाही. कडा अशा की स्केटबोर्ड घासता येत नाही. खाचा नाहीत, म्हणून अमली पदार्थांची पुडी लपवता येत नाही. वर रंग टिकू नये असा लेप. कारागिरी दाद देण्यासारखीच आहे, पण सगळी बुद्धी काय करता येऊ नये यावर खर्च झालेली.

अशा रचनेचा नेमही चुकतो. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास ‘मॉस्किटो’ नावाचं यंत्र आलं. त्याचा कर्कश, अतिशय वरच्या पट्टीतला आवाज साधारण पंचविशीच्या आतल्यांनाच ऐकू येतो. दारात घोळका करणारी पोरं पांगावीत ही कल्पना. आईच्या कडेवरच्या बाळालाही तो ऐकू येतो, फक्त त्याला तक्रार करता येत नाही. शिरा दिसू नयेत आणि कोणी टोचून घेऊ नये म्हणून सार्वजनिक शौचालयांत लावलेल्या निळ्या दिव्यांचंही तेच: अधू दृष्टीच्या माणसाला तिथे चाचपडावं लागतं.

सुरक्षित रचना उलट दिशेने जाते. न्यूयॉर्कचा ब्रायंट पार्क १९७० च्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा होता. शहरातल्या सार्वजनिक जागा लोक कशा वापरतात याचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी तिथल्या वावराचा अभ्यास केला. पार्क रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती कुंपण, त्याला लागून दाट झुडपं. आत काय चाललंय ते बाहेरून दिसायचं नाही, आणि शिरलं की चटकन निघताही यायचं नाही. विकणाऱ्यांना याहून सोयीची जागा कुठली? पार्क उघडा करा, लोक येऊ द्या, असा व्हाइट यांचा सल्ला होता. १९९२ साली पार्क पुन्हा सुरू झाला तेव्हा झुडपं गेली होती, आत यायच्या वाटा वाढल्या होत्या आणि उचलून कुठेही नेता येतील अशा सुट्या खुर्च्या आल्या होत्या. बसण्याआधी माणूस खुर्ची उगाच थोडी तरी सरकवतो, हे निरीक्षणही व्हाइट यांचंच. जागा बरी आहे की नाही हे ओळखायला ते तिथे बायका किती बसल्या आहेत ते बघत. मला हा निकष कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

व्हिएन्नाचा अनुभव त्याच वळणाचा. नवव्या-दहाव्या वर्षानंतर मुली उद्यानांत दिसेनाशा होतात, असं तिथे १९९० च्या दशकात लक्षात आलं. मनाई कोणाचीच नव्हती. पण मैदान म्हणजे जाळीचा एक मोठा पिंजरा, त्याला एकच दार आणि दारात मुलांची गर्दी. दशक संपता संपता दोन उद्यानं बदलली. वाटा वाढवल्या, मोठ्या मैदानाचे लहान भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत येऊ लागल्या, आणि त्यासाठी मुलांना हाकलावं लागलं नाही.

तेव्हा बदलानंतर ‘कोण गेलं’ एवढंच मोजून भागत नाही, ‘कोण नव्याने आलं’ हेही विचारावं लागतं. कॅम्डेनच्या बाकाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड आहे.

ब्रायंट पार्कही अगदी धुतल्या तांदळासारखा नाही, बरं का. त्याचा कारभार एक खासगी ना-नफा संस्था बघते, तिथले नियम वेगळे आहेत आणि रात्री पार्क बंद होतो. निजायला जागा शोधणाऱ्याला रात्री तो कॅम्डेनच्या बाकाइतकाच परका. दिवसा मात्र तिथल्या खुर्चीवर तासन्‌तास बसायला काही विकत घ्यावं लागत नाही.