हुमायूनच्या बागेत आधी पाट बघा, घुमट नंतर

दिल्लीच्या सहलीत हुमायूनच्या मकबऱ्यासाठी आम्ही अख्खी सकाळ राखून ठेवतो. इमारत बघून फोटो काढायला अर्धा तास पुरतो. उरलेला वेळ बागेसाठी आहे, आणि तो घाईत घालवू नका ही आमची कळकळीची विनंती.

या बागेला तिन्ही बाजूंनी उंच दगडी कोट आहे. पूर्वेला एके काळी यमुनाच होती. आता नदी दूर सरकली आहे. कोटाच्या आत चारबाग: मधोमध मकबरा, रुंद पायवाटांनी पाडलेले चार भाग, त्यांचे पुन्हा लहान चौक, आणि या सगळ्यांना जोडणारे पाण्याचे अरुंद पाट.

ही मांडणी सलग टिकलेली नाही. 1860च्या सुमारास मुख्य पायवाटांवरच्या हौदांच्या जागी इंग्रजी पद्धतीचे गोल ताटवे आले. 1947मध्ये फाळणीचे निर्वासित इथे राहिले. जीव वाचवून आलेल्या माणसांना कोटाच्या आत आसरा मिळाला, त्यात बागेची नासधूस झाली तर दोष कुणाला द्यायचा? पुढे 1997 ते 2003 या काळात पुरातत्त्व विभाग आणि आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर यांनी मिळून ती पुन्हा उभी केली. साचलेली सुमारे 12,000 घनमीटर माती माणसांनी वाहून नेली, 2,500हून अधिक झाडं लावली, पावसाचं पाणी जमिनीत मुरावं म्हणून 128 खड्डे घेतले.

आम्हाला सर्वांत मोठं वाटतं ते पाटांचं काम. तीन किलोमीटरहून जास्त लांबीचे पाट नव्याने बसवले, आणि उतार ठेवला 40 मीटरला जेमतेम 1 सेंटिमीटर. चिरा जरा वर-खाली बसला तर पाणी तिथेच तुंबणार. म्हणून आत शिरल्यावर एका पाटाच्या कडेने सावकाश चाला. त्या दिवशी तो कोरडा असला, तरी चिऱ्यांची ओळ बघाच.

मग मकबऱ्याच्या चौथऱ्यावर चढा. जिने उंच पायऱ्यांचे आणि अंधारे आहेत. गुडघे दुखत असतील तर आम्हाला आधी सांगा, खाली सावलीत बसायची सोय पाहू. वरून चौक, पाट, वाटा एका नजरेत येतात. उन्हाळ्यात टोपी आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या, आणि पाट ओलांडताना त्याच्या कडेवर पाय देऊ नका.