फायरवायर आणि यूएसबी

कॉम्प्युटरला बाहेरची उपकरणं जोडण्यासाठी १९९० च्या दशकात आलेली दोन सिरीयल (म्हणजे डेटा एकामागोमाग एक बिट पाठवणारी) मानकं. दोन्हींमागची मागणी तीच, म्हणजे मशीन चालू असताना वायर लावता-काढता आली पाहिजे, एका पोर्टवर बरीच उपकरणं चालली पाहिजेत आणि डेटाबरोबर थोडीफार पॉवरही त्याच केबलमधून गेली पाहिजे. फायरवायर हे ॲपलचं व्यापारी नाव, मानक म्हणून नाव आयईईई १३९४ (आयईईई ही मानकं ठरवणारी इंजिनिअरांची संस्था), सोनीने तेच आय-लिंक नावाने विकलं आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने लिंक्स नावाने. यूएसबी काय असतं ते इथे सांगत बसत नाही.

फायरवायरची सुरुवात साधारण १९८६ च्या सुमाराला झाली असं धरतात, पण नेमकी कशासाठी झाली याच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. जास्त ऐकू येते ती अशी की ॲपलला स्कझी या डिस्क वगैरे जोडायच्या जुन्या पद्धतीच्या जाडजूड पॅरलल (एकावेळी बरेच बिट नेणाऱ्या) केबलला काहीतरी सुटसुटीत पर्याय हवा होता, त्यातून हे निघालं. दुसरी आयईईईच्या मायक्रोकॉम्प्युटर स्टँडर्ड्स कमिटीकडची आहे. व्हीएमई, मल्टिबस-२, फ्यूचरबस अशा वेगवेगळ्या बॅकप्लेन बसना (म्हणजे मशीनच्या आतली कार्डं एकमेकांना जोडणाऱ्या रचनांना) प्रत्येकाला आपापली सिरीयल बस हवी होती, तेव्हा सगळ्यांसाठी एकच करू असं ठरलं. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडतात असं नाही, कारण मायकेल टीनर यांच्यासारखी माणसं कमिटीतही होती आणि ॲपलमध्येही. तरी मूळ कुठलं असं विचारलं तर कमिटीची बाजू जास्त पटते, कारण तिच्या खुणा मानकातच राहिल्यात. १९९५ च्या मूळ मानकात केबलबरोबर बॅकप्लेनवर चालणारा प्रकारही दिलाय (सेकंदाला २५ आणि ५० मेगाबिटच्या जवळपासचा), आणि पत्ता ६४ बिटांचा आहे, त्यातले १० बिट बसचे, ६ बिट नोडचे (म्हणजे बसवरच्या एकेका उपकरणाचे) आणि उरलेले ४८ थेट मेमरीच्या जागेचे. नुसती डिस्क जोडायला कोणी असा पत्ता आखणार नाही, ही मेमरी बसवाल्या लोकांची विचार करायची पद्धत आहे. कॅमेरा आणि व्हिडिओ हा विषय नंतर, सोनी वगैरे मंडळी आल्यावर पुढे आला, पॉवर नसलेला ४ पिनचा छोटा कनेक्टरही त्यांच्याकडचाच. ६ पिनचा कनेक्टर मात्र निन्टेन्डोच्या गेमबॉयच्या लिंक केबलवरून घेतला असं सांगतात. मानकाला मंजुरी १९९५ च्या शेवटी मिळाली, आणि त्याच वर्षी सोनीचा डीसीआर-व्हीएक्स१००० हा कॅमकॉर्डर हे सॉकेट घेऊन बाजारात आला.

तुलना करताना फायरवायरचे ४०० विरुद्ध यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट एवढाच आकडा समोर ठेवायची सवय पडलीय, आणि त्यावरून यूएसबी २.० जास्त फास्ट असं वाटतं, पण हार्ड डिस्क लावून फाइल कॉपी केली की बहुतेक वेळा फायरवायर ४०० पुढे जायचं. कारण रचनेत आहे. यूएसबीमध्ये सगळा कारभार होस्टच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हातात, तो विचारेल तेव्हाच उपकरणाने बोलायचं, आपणहून तोंड उघडायचं नाही. फायरवायरवर सगळे नोड बरोबरीचे. नवीन उपकरण लावलं की बस रिसेट होते, कोण कोणाला जोडलंय ते नोड आपसात ठरवून झाडासारखी रचना करतात, त्यातला एक रूट (झाडाचं मूळ) होतो, आणि मग कॉम्प्युटर मध्ये नसला तरी दोन कॅमेरे एकमेकांना व्हिडिओ देऊ शकतात. एका बसवर जास्तीत जास्त ६३ उपकरणं, यूएसबीवर १२७, तांब्याची केबल साधारण साडेचार मीटर, यूएसबीची ५ मीटर. वेळ १२५ मायक्रोसेकंदांच्या चक्रांमध्ये वाटलेला असतो आणि त्यातला ८० टक्क्यांपर्यंत भाग ठरलेल्या वेळी पोचायलाच हवा अशा डेटासाठी, म्हणजे व्हिडिओ-ऑडिओसाठी राखता येतो. अशी सोय यूएसबीत नाही असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं ते बरोबर नाही, आयसोक्रोनस ट्रान्सफर (म्हणजे हीच वेळेवर डेटा पोचवायची सोय) तिथेही पहिल्यापासून आहे, फक्त यूएसबी १.१ च्या १२ मेगाबिटमध्ये त्याचा उपयोग स्पीकर नाहीतर वेबकॅमपुरता.

पॉवरचं गणितही वेगळं. यूएसबीवर ५ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर, फायरवायरच्या ६ पिनवर ८ ते ३० व्होल्ट आणि दीड अँपिअरपर्यंत, त्यामुळे बाहेरची डिस्क वेगळ्या ॲडॉप्टरशिवाय आरामात चालायची आणि २००१ चा पहिला आयपॉड त्याच केबलवर चार्ज व्हायचा. पण हाच कनेक्टर जोर लावून उलटा घुसवला तर एवढी पॉवर भलत्या पिनवर जाऊन पोर्ट जळायचा धोका असतो.

यूएसबीचं काम १९९४ मध्ये सुरू झालं, त्यात कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या होत्या, आणि १.० जानेवारी १९९६ मध्ये आलं. इंटेलमधले अजय भट्ट यांचं नाव आपल्याकडे 'यूएसबीचा जनक' म्हणून फिरत असतं. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. जनक म्हणण्यापेक्षा टीमचे प्रमुख म्हणणं जास्त बरोबर. प्लग दोन्ही बाजूंनी का लागत नाही याचं त्यांनी दिलेलं कारण साधं आहे, तसं केलं असतं तर तारा आणि सर्किट दुप्पट झाली असती आणि खर्च वाढला असता.

फायरवायर मागे का पडलं याचं ठरलेलं उत्तर म्हणजे रॉयल्टी. १९९९ च्या सुरुवातीला ॲपल दर पोर्टमागे १ डॉलर मागतंय अशी बातमी आली, बाकीचे उत्पादक बिथरले, मग त्याच वर्षी ॲपल, सोनी, कॉम्पॅक, मात्सुशिता, फिलिप्स आणि तोशिबा यांनी पेटंट एकत्र करून दर उपकरणामागे २५ सेंट केले, पण तोवर इंटेलने यूएसबी २.० चा रस्ता धरला होता. एप्रिल २००० मध्ये ते ४८० मेगाबिटवर पक्कं झालं. हे सगळं झालं हे खरं, फक्त यालाच एकमेव कारण धरणं जरा सोपं होतं. यूएसबी त्याआधीच इंटेलच्या चिपसेटमध्ये बसलेलं होतं, म्हणजे मदरबोर्डवाल्याला ते जवळपास फुकट पडत होतं, विंडोज ९८ मध्ये त्याला नीट सपोर्ट आला, आणि गंमत म्हणजे ऑगस्ट १९९८ च्या आयमॅकमध्ये खुद्द ॲपलनेच जुने पोर्ट काढून यूएसबी दिलं, फायरवायर नव्हतंच. शिवाय बरोबरीचे नोड म्हणजे प्रत्येक उपकरणात अक्कल हवी, ती चिपमध्ये घालायला पैसे पडतात, आणि माउस-कीबोर्डला त्याची गरज नाही. रॉयल्टी शून्य असती तरी फायरवायरचा माउस कोणी काढला नसता असं म्हणायला हरकत नाही.

फायरवायर ८०० चं मानक २००२ मध्ये झालं, जानेवारी २००३ पासून ॲपलच्या मशीनमध्ये आलं, पीसीवाल्यांनी फारसं घेतलं नाही. आयपॉड २००३ पासून दोन्हीवर चालायला लागला, २००५ नंतर नवीन मॉडेलमध्ये सिंक फक्त यूएसबीवर. २००८ च्या ॲल्युमिनियम मॅकबुकमधून पोर्ट काढला तेव्हा व्हिडिओवाल्यांनी बराच आरडाओरडा केला आणि २००९ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये तो परत आला.

आपल्याकडे फायरवायर लोकांपर्यंत पोचलं ते मुख्यतः लग्नाच्या शूटिंगवाल्यांमुळे. मिनी-डीव्हीचा व्हिडिओ २५ मेगाबिटचा, तो यूएसबी १.१ मधून जाऊच शकत नाही, म्हणून असेंबल केलेल्या पीसीत पीसीआय कार्ड टाकायचं आणि ४ पिनची केबल कॅमेऱ्याला लावायची. तासाच्या टेपला कॅप्चरिंगला तासच लागायचा आणि डिस्कवर १३ जीबीच्या आसपास जागा जायची. विंडोज एक्सपीच्या नेटवर्कच्या यादीत '१३९४ कनेक्शन' दिसायचं तेही हेच, कारण या केबलवरून दोन मशीनचं नेटवर्कही करता यायचं, केलं मात्र क्वचितच कोणी.

पुढचा वारसा थंडरबोल्ट या आणखी वेगवान जोडणीकडे गेला, २०११ मध्ये इंटेल आणि ॲपलने ते आणलं, २०१५ च्या थंडरबोल्ट ३ ने यूएसबी-सीचाच प्लग घेतला आणि २०१९ चं यूएसबी४ त्याच प्रोटोकॉलवर उभं राहिलं. उपकरणाला कॉम्प्युटरची मेमरी थेट वाचता-लिहिता येणं हा फायरवायरचा फायदाही होता आणि भोकही, लॉक केलेल्या मशीनच्या मेमरीतला डेटा पोर्टमधून काढता यायचा, तपास यंत्रणांच्या तज्ज्ञांनीही ही युक्ती वापरलीय, आणि थंडरबोल्टमध्येही हाच प्रश्न परत आला. १३९४बी (म्हणजे फायरवायर ८०० चं मानक) हा प्रकार एफ-३५ लढाऊ विमानाच्या आतल्या जोडणीत वापरलेला आहे. घरच्या वापरात २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून सपोर्ट काढला गेलाय, त्यामुळे जुन्या मिनी-डीव्ही टेपा उतरवायच्या असतील तर लिनक्स किंवा जुनी सिस्टिम असलेलं मशीन लागतं, आणि नवीन पोर्टवरून जायचं तर थंडरबोल्ट ३ चा २ ला, त्याचा फायरवायर ८०० ला आणि त्याचा ४०० ला असे ॲडॉप्टर एकापुढे एक लावावे लागतात.