चित्रकथेची मूळ पाने : अपघाती हानी आणि उपाय

चित्रकथा छापण्यासाठी चित्रकाराने हाताने रेखाटून शाईने पक्के केलेले पान म्हणजे मूळ पान. त्यावर चहा सांडतो, छप्पर गळते, फ्रेम खिळ्यावरून निसटते, कोणीतरी घडी घालून खिशात कोंबतो. अशा इजेनंतर काय करावे आणि काय टाळावे, याची ही नोंद आहे. गोव्याच्या दमट हवेचा विचार त्यात मुख्य आहे. बहुतेक वेळा अपघाताने पान जेवढे बिघडते त्याहून अधिक ते नंतरच्या घाईगर्दीत बिघडते.

मूळ पान टिकावे म्हणून कोणी काढत नसे. छापखान्याच्या कॅमेऱ्याखाली जाऊन आले की त्याचे काम संपले. त्यामुळे एकाच पानावर परस्परांशी न पटणारे पदार्थ नांदतात : पेन्सिल, कॅमेऱ्याला न दिसणारी फिकट निळी रेघ, काळी शाई, चुका झाकणारा पांढरा रंग, रबर सोल्युशनने चिकटवलेल्या संवादांच्या चिठ्ठ्या. अमेरिकी चित्रकथांसाठी ११ × १७ इंचांचा ब्रिस्टल बोर्ड, म्हणजे चित्रकामाचा जाड कागद, रूढ आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथली पाने याहून मोठी असत. तिथल्या मोठ्या प्रकाशकांनी मूळ पाने चित्रकारांना नियमितपणे परत द्यायला १९७०च्या दशकात सुरुवात केली. त्याआधीची कित्येक पाने फेकली गेली. आपल्याकडे कारट्रिज पेपरपासून हाताला लागेल त्या कार्डापर्यंत सगळे चालत आले आहे.

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते. कागदावर बुरशी धरायला ६५ ते ७० टक्के पुरतात. कौलारू घरातल्या बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेले कपाट ही म्हणूनच सर्वांत वाईट जागा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) साफसफाईला पेटारे उघडतात तेव्हा नुकसान नजरेस पडते, पण तो काळ पावसाळ्याच्या पोटातला असतो आणि वाळवायला हवा कोरडी नसते. मग पान इस्त्रीखाली जाते. इस्त्रीने चहाचा डाग पक्का होतो आणि रबर सोल्युशन वितळून चिठ्ठ्या सरकतात. हेअर ड्रायरने एक बाजू आधी आकसते व बोर्ड पन्हळीसारखा वाकतो. उन्हाची तिरीप मिळाली म्हणून पान बाहेर ठेवले, तर स्केचपेनचे रंग उडतात.

काही करण्याआधी पान खरोखर मूळ आहे का, ते पाहावे. गोव्यात हा प्रश्न वारंवार येतो, कारण मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांच्या रेखाचित्रांच्या छापील प्रती घरोघरी, हॉटेलांत, दुकानांत लावलेल्या आहेत. भिंगातून पाहिल्यावर छापील प्रतीत बहुधा ठिपक्यांची जाळी दिसते. मूळ पानात दिसते ती निबेने कागदावर पाडलेली बारीक खाच, शाईखालची पेन्सिल, पांढऱ्या रंगाचा उंचवटा. छापील प्रत असेल तर दुसरी आणणे सोपे आणि स्वस्त.

पान भिजले असेल तर आधी खालून आधार द्यावा. ओला बोर्ड कोपऱ्याला धरून उचलला की आपल्याच वजनाने फाटतो. ताट, ट्रे, पत्र्याचे झाकण, काहीही सपाट त्याखाली सरकवावे. पाणी टीपकागदाने वरून अलगद दाबून टिपावे, पुसू नये. चहा सांडल्यावर खरा डाग मध्यभागी पडत नाही. पाणी कागदातून पसरत जाते, जिथे थबकते व सुकते तिथे विरघळलेला रंग आणि कागदातला मळ साचतो आणि तपकिरी काठ उमटतो. म्हणून डागाच्या कडेला एक-एक थेंब पाणी लावून ‘साफ’ करणाऱ्याच्या हाती शेवटी त्याहून मोठा काठ येतो. लाख घातलेली काळी इंडियन इंक एकदा सुकली की पाण्याला बरीच दाद देत नाही. फाउंटन पेनची शाई आणि स्केचपेन मात्र लगेच पसरतात. पांढरा रंगही अनेकदा पाण्यात सुटतो, आणि तो वाहून गेला तर खालची चुकीची रेघ पुन्हा उघडी पडते.

ओले पान फ्रेमच्या काचेला चिकटले असेल, तर ओढून काढू नये. काचेसकट तज्ज्ञाकडे न्यावे.

वाळवताना पंखा खोलीत फिरता ठेवावा, पानावर रोखू नये. एसी किंवा डीह्युमिडिफायर असेल तर उत्तम. पान जवळपास सुकले की दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर हलके, सपाट वजन ठेवावे आणि टीपकागद बदलत राहावे. बुरशी ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत दिसू लागते. गठ्ठाच भिजला असेल आणि तेवढ्या वेळात वाळणे शक्य नसेल, तर पानांमध्ये मेणकागद घालून, पॉलिथीनमध्ये बांधून फ्रीजरमध्ये ठेवतात. त्याने पान बरे होत नाही, फक्त बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. बुरशी आधीच धरली असेल तर ती ओल्या फडक्याने पुसणे म्हणजे कागदात चोळणे. आधी वाळवावे, मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटकावे. डाग राहील, तो राहू द्यावा.

चिकटपट्टीचा प्रश्न पाण्याहून किचकट आहे. फाटलेल्या जागी लावलेली सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटपणा कागदात शिरतो आणि तो भाग तेलकट, पारदर्शक दिसू लागतो. ती नखाने सोलताना वरची शाईही उचलली जाते. फेव्हिकॉल वाळल्यावर परत काढता येत नाही. कागद-संवर्धनात फाट जोडायला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, तीही पानाच्या मागून. पन्नास वर्षांनी कोणाला ती दुरुस्ती चुकीची वाटली, तर पाण्याच्या ओलाव्याने ती सोडवता यावी, हा त्यामागचा विचार. लॅमिनेशन याच्या अगदी उलटे. शाळा-कोर्टाच्या शेजारी दहा मिनिटांत होते म्हणून दाखल्यांबरोबर चित्रेही त्या यंत्रातून काढली जातात, आणि मग त्या प्लॅस्टिकमधून कागद शाबूत सोडवणे जवळपास अशक्य होते.

जुन्या पानांवरची संवादांची चिठ्ठी गळून पडणे हाही अपघातच. रबर सोल्युशन वाळून भुगा होते आणि चिठ्ठीच्या जागी तपकिरी चौकोन उरतो. ती चिठ्ठी लगेच चिकटवू नये. आम्लविरहित लिफाफ्यात ठेवून कोणत्या चौकटीतली, कोणत्या बाजूला होती ते लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहावे. चौकोन आणि पांढऱ्या रंगाचे थर हा मळ नव्हे. चित्रकाराचे काम कसे घडले, हे त्यांतूनच कळते. ते खरवडून ‘स्वच्छ’ केलेले पान माझ्या मते अधिक खराब झालेले पान आहे.

चित्रकार हयात असेल तर पुसट रेघा त्यानेच पुन्हा गिरवाव्यात का, यावर संग्राहकांत मतभेद आहेत. गिरवल्यास आधीची छायाचित्रे आणि तारीख पानासोबत ठेवणे एवढे तरी हवेच. मालकाने परस्पर दुसऱ्याकडून गिरवून घेणे कायद्यानेही अडचणीचे ठरू शकते. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार कृतीच्या विपर्यासाने किंवा मोडतोडीने प्रतिष्ठेला बाध येत असेल, तर ती विकल्यानंतरही कलावंत दाद मागू शकतो. विज्ञान भवनातले भित्तिशिल्प काढताना झालेल्या नासधुशीबद्दल शिल्पकार अमरनाथ सेहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ५ लाख रुपयांची भरपाई दिली, ती याच कलमाच्या आधारे.

इजा झाली म्हणजे किंमत संपली असे नाही. टिनटिनचे बेल्जियन चित्रकार एर्जे यांनी ‘द ब्लू लोटस’ या टिनटिनकथेसाठी १९३६ मध्ये केलेले, पण न वापरलेले मुखपृष्ठचित्र २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ३२ लाख युरोंना गेले. प्रकाशकाच्या लहान मुलाला ते भेट मिळाले व त्याने घडी घालून खणात ठेवले, अशी हकीकत लिलावाच्या वेळी सांगितली गेली. घड्यांच्या रेषा चित्रावर स्पष्ट दिसतात. लपवलेली दुरुस्ती मात्र विकताना उघडी पडली की व्यवहार मोडतो.

घरगुती उपायांची मर्यादा वाळवण्यापर्यंतच. डाग काढणे, चिकटपट्टी सोडवणे, बुरशीवर रासायनिक उपचार ही कामे प्रशिक्षित संवर्धकाची. त्याच्याकडे पान नेताना गुंडाळी करू नये. आम्लविरहित कागदात ठेवून दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधावे. पावसात वर पॉलिथीन लागतेच, पण पोहोचल्याबरोबर ते काढावे, नाहीतर आत कोंडलेली ओल तिथेच कामाला लागते.